चोवीस तासांचा कॅन

मी पडलो तो झेंडूत. पडायला याहून देखणी जागा शोधून सापडली नसती. दसरा आठ दिवसांवर आलेला, मळा केशरी झालेला, आणि फुलं तोडणाऱ्या बायकांना मी माझ्या लग्नातला घोडा कसा उधळला ते घोड्याच्या हातवाऱ्यांसकट सांगत होतो. तेवढ्यात मानेला मधमाशी चावली. मधमाश्या मला जन्मभर चावत आल्यात, फुलशेतीवाल्याला त्याचं काही वाटत नाही. या वेळी मात्र कान तापले, छाती तांबडीलाल झाली, आणि घोडा राहिला बाजूला, मीच उताणा. बायकांना वाटलं, गोष्टीतलाच पुढचा भाग आहे. एकीने तर टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर मी उठून बसलो. वर्षभरात असा लाल होऊन कोसळण्याची ही तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळी तर माशीसुद्धा नव्हती, एकदा नुसती गरम पाण्याने अंघोळ केली होती. तेव्हा बायकोने मला ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. माझ्या पुतणीच्या वयाच्या त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, आपल्या अंगात काही पेशी असतात, त्यांच्या पोटात हिस्टामिन भरलेलं असतं. माशी चावली की त्या ते बाहेर सोडतात, त्यानेच अंग लाल होतं. तुमच्या अंगात या पेशी जास्त झाल्यात किंवा उगाचच फुटतायत, असा मला संशय आहे. रक्तात हिस्टामिन फार वेळ टिकत नाही. लघवीत मात्र त्याचा माग लागतो. चोवीस तासांची लघवी गोळा करायची."

"सगळी?"

"सगळी. एक थेंब वाया घालवायचा नाही."

जन्मभर जे गुपचूप उरकलं त्याला अचानक एवढी किंमत आली, याचा मला खरं तर आनंद झाला होता. बायकोचा चेहरा मात्र दगडासारखा. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "ते जास्त निघालं, तर मळा खंडाने देऊन टाकायचा. तुम्ही त्या माश्यांमध्ये पाऊल टाकायचं नाही. मला पुन्हा तसा फोन यायला नको."

इंदिरानगरच्या घरी पोचेपर्यंत मी एकही गोष्ट सांगितली नाही. वडिलांनी लावलेला मळा, आणि रोज सकाळी मला हसणाऱ्या त्या बायका. आता ते सगळं माझ्या मूत्राशयावर येऊन ठेपलं होतं.

लॅबमधल्या मुलीने पांढरा, झाकणाचा, पाच लिटरचा कॅन दिला आणि एका दमात सूचना म्हटल्या. वांगी, टोमॅटो, पालक, लोणचं, इडली, वाइन, सगळं बंद. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची घेऊन थांबायचं. कॅन गार ठेवायचा. याशिवाय ती आणखीही काहीतरी म्हणाली. ते मी ऐकलं नाही, कारण मी तिला घोड्याची गोष्ट सांगायला लागलो होतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तोवर नांदगावहून माझी थोरली बहीण येऊन दाखल झाली होती. ताई आली की घराचा ताबा ताईकडे जातो, यात बायकोचीही हरकत नसते. मी सूचना वाचून दाखवल्या.

"पहिली टाकायची, आन दुसऱ्या दिवशीची पहिली ठेवायची?" ताई म्हणाली. "आसं कसं? पहिली ती पहिलीच ना?"

"पहिल्या दिवशीची पहिली आदल्या रात्रीची असते, ताई."

"मंग दुसऱ्या दिवशीची बी आदल्या रात्रीचीच झाली की!"

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरोबर बोलतायत त्या." आम्ही तिघांनी पुन्हा कागद वाचला आणि तिघेही आणखी गोंधळलो. शेवटी ताईनेच निकाल दिला, "गाईची बी पहिली धार सोडूनच देतेत. दे सोडून. लय इचार करू नको."

पुढचा प्रश्न फ्रिजचा. बायको म्हणाली, "ज्या फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं, त्यात हे जाणार नाही. संपला विषय." मग फुलं पाठवायची थर्मोकोलची पेटी आणली, तिच्यात बर्फ भरला आणि कॅनची स्थापना केली. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून ताईने पेटीवर टॉवेल घातला. चोवीस तास मी राजासारखा वागलो. उठलो की घोषणा करायचो, दोघी घड्याळ पाहायच्या. दुपारी शेजारचे काका आले आणि पेटीवरच टेकले. आम्ही तिघांनीही तोंडातून शब्द काढला नाही. जाताना ते म्हणाले, "गार वाटतं हो तुमच्याकडे."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत आली होती. आमच्या मोरीत वर्षानुवर्षं एक तांबडा डाग होता, तो गेला होता. मोरी लखलखत होती. ताई आली की असंच होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

रिपोर्ट आला. हिस्टामिन मर्यादेच्या आत. मी आरशासमोर उभा राहून स्वतःला वाकून नमस्कार केला. बायको देवापुढे जाऊन बसली आणि डोळे पुसत बाहेर आली. पेढे आले. पेढा मोडता मोडता ताई कौतुकाने म्हणाली, "येणारच व्हता चांगला. मी कॅन धुतला किती! दुकानातून आलेलं भांडं विसळल्याबिगर घरात घेत नाय मी. आत तळाला घोटभर कायतरी उग्र वासाचं पाणी व्हतं, कुणाचं उष्टं कोण जाणे. मोरीत ओतलं. फरशीवर फेस आला बघ नुसता! मंग गरम पाणी, साबण, आन दोन तास उन्हात पालथा."

अर्धा पेढा माझ्या हातातच राहिला. लॅबमधली मुलगी काय म्हणाली होती ते आता, घोड्याच्या टापांमधून, मला स्पष्ट ऐकू आलं. आत थोडं ॲसिड आहे, ते ओतू नका, त्यानेच नमुना टिकतो.

मी उरलेला पेढा तोंडात टाकला. खरं सांगायचं तर मला पेढा आवडला होता, आणि मळाही. कागदावर मी बरा होतो. शिवाय नळाच्या पाण्याने लघवीतलं काय घटतं, काय वाढतं, मला कुठे कळत होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेलो. बायका म्हणाल्या, "या दादा, घोड्याचं पुढं काय झालं?" मी बांधावरच उभा. समोर झेंडूवर माश्या घोंगावत होत्या, नेहमीसारख्याच, आणि माझं पाऊल काही पुढे पडेना. कागद खिशात होता. तो कुणाबद्दल बोलतोय, माझ्याबद्दल की साबणाबद्दल, हेच मला उमगेना. तिथूनच मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"म्हणजे आकडा खोटा?" मी विचारलं.

"सांगता येणार नाही, काका. ॲसिड नसलं तर हिस्टामिन कमी होऊ शकतं. जंतू वाढले तर जास्तही होऊ शकतं."

"म्हणजे मी बराही असेन आणि आजारीही?"

"तूर्त तेवढंच खात्रीने सांगता येतं. पुन्हा करू."

घरी सांगितलं तेव्हा बायको चिडली नाही, ताई मात्र खचली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "भाऊ, माझ्या हातानं तुझा जीव गेला असता की रे."

"तुझ्या हाताने नाही गं," मी म्हणालो. "त्या पोरीचं मी ऐकलंच नाही. गेला असता तो माझ्या घोड्याने."

दुसरा कॅन आला तेव्हा ताई नांदगावला परत गेली नव्हती. त्या कॅनला तिने बोटसुद्धा लावलं नाही आणि कुणाला लावू दिलं नाही. शेजारच्या काकांना तर दारातूनच परत पाठवलं. या वेळचा आकडा मर्यादेच्या बराच वर गेला. पुढे आणखी तपासण्या झाल्या, कमरेच्या हाडातूनही नमुना काढला. आजाराला नाव मिळालं, ते मला अजून नीट उच्चारता येत नाही. गोळ्या रोजच्या, जन्मभराच्या. आणि मांडीत टोचायचं एक इंजेक्शन, ते कायम जवळ.

"आणि मळा?" मी विचारलं. बायको माझ्याकडे न पाहता डॉक्टरीणबाईंकडे पाहत होती.

"मी नको म्हणेन," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही जाणारच असाल, तर एकटे कधीच नाही. सोबतच्या माणसाला इंजेक्शन टोचता आलं पाहिजे."

बायकोने माझी फाइल बंद केली. मग म्हणाली, "या वर्षापुरतं बघू." मला इंजेक्शन कसं टोचायचं हे बायको शिकली, ताईही शिकली. दोघींनी उशीवर सराव केला. उशीला टोचताना ताई दर वेळी डोळे मिटायची, मग बायको तिला पुन्हा करायला लावायची.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी फुलं तोडायची होती, तेव्हा मी अडीच महिन्यांनी मळ्यात उतरलो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याला रुमाल. ताई बांधावर बसली, इंजेक्शनची डबी मांडीवर, नजर माझ्यावर. बायकांनी घोड्याची आठवण काढली. मी सांगायला सुरुवात केली, आणि दर दोन वाक्यांनी बांधावरून हाक यायची.

"भाऊ, लाल झाला का रे?"

मी हाताकडे पाहिलं. सकाळच्या उन्हात, एवढ्या झेंडूत, माझा हात नारंगी दिसत होता. ताई नारंगी दिसत होती. बायकाही.

"मला काय कळतंय," मी ओरडलो. "तूच ये आणि बघ."

ती चपला काढून झेंडूत उतरली.