दोन मिनिटांत उघडलेलं कुलूप

मंडळी, तारेने कुलपं उघडायचा माझा छंद तुम्हाला माहीतच आहे. बिल्डिंगमध्ये कोणाची किल्ली हरवली की मलाच हाक मारतात.

आज सकाळी शेजारचे काका खिडकीतून म्हणाले, "अरे, बाहेरून कुलूप लागलंय. उघड ना!" मी दोन मिनिटांत उघडलं आणि ऐटीत ऑफिसला गेलो.

दुपारी काकू फूलबाजारातून परतल्या आणि त्यांचा फोन आला. "मीच लावून जाते रे रोज. त्यांना आता आपलं घरही ओळखू येत नाही. तुला सांगायची लाज वाटली."

रामकुंडापर्यंत शोधलं, पोलिसांनाही कळवलं. पांढरा सदरा, पायात चप्पल नाही. कोणाला दिसले का?

आत्ता त्यांचं दार लोटायला गेलो, तर काकू म्हणाल्या, "राहू दे उघडंच. ते आले तर?"