आधी तुम्ही खाऊन दाखवा

शुद्धलेखनाच्या चुका होतील, माफ करा. शाळा सातवीतच सुटली, शब्दही साधेच आहेत. पण परंड्याच्या बाजारात भाजी विकायला बसलं की किस्से टोपलीत मावत नाहीत. पटकीच्या साथीतले तर विसरू म्हटलं तरी विसरत नाहीत.

साथ आली आणि बाजार निम्मा झाला. जे येत ते तोंडाला पदर लावून एकच विचारत, "माल कुठला?" कुर्डुवाडीहून बसनं आलेल्या मालाला कुणी हात लावीना. गावचाच पाहिजे, ओळखीच्या विहिरीचा!

*

शेजारी रहीमचाचा केळी विकत. केळी बसनं आलेली. एक बाई म्हणाली, "आधी तुम्ही खाऊन दाखवा." चाचांनी खाल्लं. तिचं बघून दुसरी, मग तिसरी. दुपारपर्यंत नऊ केळी झाली! चाचा पोट धरून म्हणाले, "या अल्ला! पटकीतनं वाचलो, आता केळ्यानं मरतो!"

तेव्हापासून रीतच पडली. विकणाऱ्यानं आधी खायचं. मिरचीवाल्याचे हाल विचारू नका.

*

तुकारामनं पटकीची सुई टोचून घेतल्याचं सर्टिफिकेट कांद्याच्या ढिगावर टांगलं. एक म्हातारा म्हणाला, "सुई तुला टोचली का कांद्याला?"

सगळे हसलो. पुढच्या बाजाराला म्हातारा आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. तुकारामनं कागद काढून ठेवला.

*

दवाखान्याचा माणूस विहिरींत लाल औषध टाकत फिरे. गणपाच्या विहिरीचं पाणी गुलाबी झालं आणि बाजारात बोभाटा, "तिथं पटकी हाय, म्हणून तर औषध टाकलं!" गणपाची वांगी टोपलीतच सुकली.

तो माणूस आमच्या विहिरीवर आला तेव्हा मीच हात जोडले. "साहेब, आमचं पाणी लई चांगलं हाय. राहू द्या."

"चांगलंच राहू दे बाबा!" म्हणून तो वैतागून गेला.

*

कारकुनांच्या शांतावहिनी काकड्या माझ्याकडूनच घेत. त्यांच्याशी बोलताना माझी नजर तराजूवरून वर येत नसे. त्यांचा बाळू तापातून नुकताच उठला होता. मी रीतीप्रमाणे काकडी मोडायला लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. तुम्ही का परके आहात? तुमची विहीर आम्हाला ठाऊक आहे."

तासाभरानं वस्तीवरून निरोप आला. आमच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या दोन घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले होते.

काकड्या त्याच पाण्यात धुतलेल्या. टोपली तिथंच टाकून वहिनींच्या घरी पळालो. वहिनी काकडी चिरत होत्या. बाळू ताटलीपाशी बसलेला. मी ताटलीच ओढून घेतली.

"अहो भाऊजी! विकलेलं परत नेता?"

"खाल्ली का यानं?"

"अजून नाही. का?"

"वहिनी, विहिरीत औषध... मीच टाकू दिलं न्हाय."

त्यांनी बाळूला उचललं, मला बाहेर व्हायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या माणसाला विहिरीवर नेलं आणि पाणी गुलाबी होईपर्यंत तिथंच उभा राहिलो. मग रहीमचाचांच्या घरून बसनं आलेली सहा केळी घेतली, वहिनींच्या दारात जाऊन हाक मारली आणि त्यांनी खिडकी उघडल्यावर आधी एक स्वतः खाल्लं.