डोमाजीचा भोंगा

गावात पाहुणा सांगितल्या वेळेआधी टपकला की म्हणतात, "आला डोमाजीचा भोंगा!" म्हणणाऱ्या निम्म्या पोरांनी ना खाण चालताना पाहिली, ना तो भोंगा ऐकला. तरी तोंड उघडायला काय जातं? गोदाबाईला मात्र हे बोलणं अजून झोंबतं. डोमाजी तिचा नवरा.

खाण म्हणजे उकव्याच्या वाटेवरची, मॅंगनीजची. आता तिथं तळं आहे. म्हशी डुंबतात, लोक मासे धरतात. पण त्या खड्ड्यानं एके काळी सारं गाव पोसलं. गडी सुरुंग लावून दगड काढायचे आणि बाया हातोडीनं तो फोडून चांगला-वाईट वेगळा करायच्या. गोदाबाई त्या बायांतली. घरी येऊन कितीही घासलं तरी हात काळेच राहायचे. देवाला फूल वाहतानाही तिला लाज वाटे. वर टेकाडावर, पत्र्याच्या खोलीत, डोमाजी. साखळी ओढून भोंगा द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण तोरा असा, जणू सूर्यही त्याला विचारूनच उगवतो. दुपारचा भोंगा झाल्याशिवाय कुणी शिदोरी सोडायची नाही, हा खाणीचा कायदा होता.

त्यांच्या मुलाच्या, प्रेमलालच्या जन्माच्या वर्षी, भर वैशाखात, हा दुपारचा भोंगा वेळेआधीच वाजू लागला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. साहेबानं डोमाजीला सगळ्यांदेखत झाडलं. गोदाबाईनं घरी विचारलं तर म्हणाला, "घड्याळ बिघडलंतं." तेव्हापासून तो टोमणा गावाच्या तोंडी बसला. पुढे चांगला दगड संपत आला, खालचं पाणी उपसून हटेना, आणि खाण बंद पडली. कुणी उकव्याच्या खाणीवर गेलं, कुणी नागपूरला. भोंगा भंगारात गेला. टोमणा तेवढा मागे राहिला.

आता डोमाजीची आठवण गेली आहे. बायकोलाही तो "ओ बाई" म्हणतो, शेजारणीला म्हणावं तसं. गोदाबाईनं तेही गिळलं असतं. पण या उन्हाळ्यात त्यानं दुपारचं जेवणच सोडलं. ताट पुढं केलं की हात मागे.

"भोंगा कुठं झाला? कसा जेवू?"

अंगावर मांस राहीना. गोदाबाईच्या जिवाला घोर लागला. सून मंजुषानं दारामागून तोंडानं भोंऽऽ करून पाहिलं, म्हातारा ढिम्म. प्रेमलालनं मोबाइलवर कुठलासा भोंगा लावला. डोमाजीनं नीट कान दिला आणि म्हणाला, "हा दुसऱ्याच खाणीचा हाय."

तेव्हा कुठं गोदाबाईच्या डोक्यात उजेड पडला. या माणसानं भोंग्याची वाट कधी पाहिली होती? भोंगा तर हाच द्यायचा! गाय गेल्यापासून खुंटीवर लटकलेलं दावं तिनं काढलं, ओसरीच्या आढ्याला बांधलं आणि टोक त्याच्या हाती दिलं.

"येळ झाली. ओढा आता."

त्यानं ओढलं. आतून मंजुषानं बेंबीच्या देठापासून भोंऽऽ केलं. समोरच्या ओट्यावर अहिल्याबाई बसली होती, एके काळची गोदाबाईची खाणीवरची जोडीदारीण. ती तिथूनच ओरडली, "चला वं बायांनो, हात धुवा!" डोमाजीनं ताट पुढं ओढलं. गोदाबाई चुलीशी जाऊन पोटभर रडली.

मग ते रोजचंच झालं. परवा मात्र भात नुसता चुलीवर चढला होता, तोच ओसरीवर दावं करकरलं. गोदाबाई पदर खोचत बाहेर आली.

"काहून ओढलं? भात कच्चा हाय अजून! लोकं हासतीन ना तुमाले!"

"हासू दे." डोमाजीनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "साहेबाले सांगू नको, बाई. घड्याळ बिघडलं म्हणजो. खाली माही गोदा उन्हात दगड फोडून राह्यली. पोटुशी हाय थे. भूक लागली असन तिले."

गोदाबाई त्याच्याजवळ खालीच बसली. जन्मभर ज्या टोमण्यावर ती चिडली, तो तिच्याच भुकेचा निघाला. तिला रडूही आलं आणि हसूही.

"हौ," ती म्हणाली. "लय लागलीती तिले."