सासूबाईंचा वीस लिटरचा कॅन

माझ्या सासूबाई तीस वर्षं डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होत्या. यंत्रात जाणारं पाणी शुद्ध आहे ना, हे बघण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्या आणि आठवड्याभरात त्यांनी बैठकीच्या खोलीत शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आणून ठेवली. त्यात दोन केशरी मासे, एक लाल कोळंबी आणि थोडी प्रवाळं. शेजारच्या बाई म्हणाल्या, नातवंडं खेळवायची सोडून हे काय. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि त्या माशांना खाणं घालायला वळल्या.

या टाकीचं एक दुखणं आहे. रोज दोन लिटर पाणी हवेत उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. रोज तेवढंच शुद्ध बिनमिठाचं पाणी घातलं नाही, तर टाकी खारट होत जाते आणि आतले जीव मरतात. म्हणून सासूबाई सात वर्षं रोज सकाळी मापाने पाणी ओतत. हे काम दुसऱ्या कोणावर सोडायला त्या तयार नव्हत्या, म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन तीनदा पुढे ढकललं.

चौथ्यांदा पुढे ढकलायला डॉक्टरांनी नकार दिला, तेव्हा माझ्या नवऱ्याने फर्मान काढलं. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि घरातही वर्गातल्या आवाजातच बोलतो.

"आई, तू आठ दिवस हॉस्पिटलमध्ये असणार. टाकी विकून टाक. या वयात कसली हौस?"

'या वयात' ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सासूबाईंनी मात्र शांतपणे चष्मा पुसला.

"विकणार नाही. मी नसताना ती आपलं पाणी आपण भरून घेईल."

दुसऱ्या दिवशी त्या वीस लिटरचा झाकणाचा कॅन घेऊन आल्या. तो टाकीखालच्या कपाटात ठेवला. कॅनमध्ये शुद्ध बिनमिठाचं पाणी आणि छोटा पंप, पंपातून वर टाकीपर्यंत बारीक नळी आणि टाकीच्या काठाशी तरंगणारा खटका. पाणी बोटभर उतरलं की खटका खाली येतो, पंप सुरू होतो. पातळी भरली की बंद. त्याच्या वर त्यांनी आणखी एक खटका बसवला. पहिला अडकलाच तर दुसरा वीज तोडणार. "माणूस यंत्राला जोडलेला असला की एका पहारेकऱ्यावर विसंबत नाहीत," त्या म्हणाल्या.

पहिल्याच सकाळी कपाटातून पाणी वाहत होतं. त्यांनी कॅनमध्ये बोट बुडवून चाखलं. खारट. नळीचं टोक टाकीच्या पाण्यात बुडालेलं राहिलं होतं. पंप थांबला की टाकीचंच पाणी उलटं खाली कॅनमध्ये येत होतं. नवरा दारात उभा राहून हसला. सासूबाईंनी नळीचं टोक पाण्याच्या चार बोटं वर बांधलं, फरशी पुसली, कॅन धुऊन पुन्हा भरला.

"ठीक आहे," नवरा म्हणाला. "पण आठ दिवसांत एक जरी जीव मेला, तर टाकी घराबाहेर."

"मंजूर. कॅनला मात्र कोणी हात लावायचा नाही."

दहा दिवस त्यांनी ते यंत्र नुसतं बघत काढले. एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. मग कॅन काठोकाठ भरून त्या ऑपरेशनला गेल्या.

सातव्या दिवशी सकाळी कोळंबी तळाशी आडवी पडलेली दिसली. सासूबाईंनी शिकवलं होतं तसा मी पाण्याचा खारेपणा मोजला. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ असायला हवं ते एकोणचाळीस. कॅनचं झाकण उघडलं, तर कडेला पांढरी पुटं.

"कॅनमध्ये पाणी कमी दिसलं, म्हणून चार दिवसांपूर्वी मीच भरलं," नवरा म्हणाला. "समुद्राचे मासे ना, म्हणून पाकीटभर मीठही घातलं. आईला काळजी नको."

"आणि बाष्पीभवन? दरवर्षी सातवीला शिकवतोस ना?"

मी कॅन रिकामा करून शुद्ध पाणी भरलं, टाकीतलं थोडं खारं पाणी काढून साधं घातलं. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "दुकानातून तशीच कोळंबी आणू? तिला कळणारही नाही."

"तू सांगतोस की मी सांगू?"

दुपारी आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. त्याने सगळं सांगितलं. सासूबाईंनी आधी मासे विचारले, मग आकडा.

"अडतीसवर आलाय," मी म्हणाले.

"आज तेवढंच. बाकीचं हळूहळू उतरव, नाहीतर मासेही जातील."

त्यांचे डोळे भरून आले होते. नवऱ्याने तेवढ्यात आपलं घोडं दामटलंच. "आई, चूक माझी. पण एक जीव गेलाच ना? आता तरी हा व्याप कमी कर."

"कॅनला हात लावायचा नाही, ही अट तू आधी मोडलीस," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी पेशंटच्या नातेवाइकांना यंत्रापासून लांब ठेवलं. सगळे प्रेमानेच बटणं दाबायला यायचे. टाकी राहणार."

तो काही बोलणार, तोच डॉक्टर फेरीला आले. पाय तपासून म्हणाले, दुसराही गुडघा झिजलाय, पण त्याची घाई नाही.

"घाई मला आहे," सासूबाई म्हणाल्या. "कॅन आता पाणी भरतोय, मग पुढे कशाला ढकलू? तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा." मग मुलाकडे वळून, "त्या वेळी कपाटाला कुलूप लावून येईन. किल्ली सुनेकडे."