चोवीस तास न उघडायचं खोकं

तीन दिवस हे लिहायचं टाळतेय. फोन हातात घेते, मग कुणाचं तरी ट्रेकिंगचं रील लागतं आणि तिकडेच वाहत जाते... आज मात्र बसलेच आहे.

अमेरिकेत गावोगाव फिरतेय. एडिसन झालं, बॉथेल झालं, आता नेपरव्हिलला मावशीच्या बेसमेंटमध्ये मुक्काम आहे. इथल्या एका छोट्या म्युझियमची क्युरेटर मेधाताई, मूळची नागपूरची. आजच्या काळातल्या कॅनेडियन आर्टिस्ट्सचं प्रदर्शन उभं करायला ती तीन वर्षं झटतेय. मी तिथे व्हॉलंटियर... खोकी उचलते, स्क्रू मोजते, मध्येच खिडकीतून बर्फ बघत बसते.

सोमवारी सकाळी कॅनडातल्या विनिपेगहून एक खोकं आलं, दाराएवढं. आत मेणाचा एकच सलग तुकडा, गोठलेल्या तलावावरून साचा घेऊन केलेला. ते करणाऱ्या आर्टिस्ट बाई आपलं काम सहसा कुणाला देत नाहीत. मेधाताईने सगळ्यात मोठी भिंत त्याच्यासाठीच ठेवलीये.

"चोवीस तास हात लावायचा नाही," ताई म्हणाली. बाहेरच्या थंडीतून आलेल्या वस्तूला खोलीची ऊब हळूहळू लागू द्यायची असते, नाहीतर तडा जातो म्हणे. मी हो म्हटलं.

पण पार्सल बघून थांबणारी मी नाहीच यार. आईने पाठवलेला चिवडा मी पोस्टाच्या दारातच फोडते. दुपारी ताई मीटिंगमध्ये होती... स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. फक्त बघायला. मेण निळसर होतं, आत खोलवर काहीतरी अडकल्यासारखं. बघतच राहिले आणि आवाज आला. टिक्.

कोपऱ्यातून बोटभर रेष गेली होती.

झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले. ताई मीटिंगमधून आली तेव्हा मी दुसरी खोकी उचलत होते.

दुसऱ्या दिवशी ताईने खोकं उघडलं, टॉर्च तिरका धरला आणि रेष दिसल्यावर खालीच बसली. "प्रवासात झालं असणार," म्हणत रिपोर्ट लिहायला लागली. किती सोपं होतं... ट्रकवाल्यावर गेलं असतं, मी मोकळी. ती दुसऱ्या ओळीवर होती तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ताई, मी काल उघडलं होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तो कागद फाडला, कोरा घेतला आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "तूच लिही. किती वाजता, काय दिसलं, काय ऐकलंस. सॉरी नको लिहूस, झालं ते लिही."

बारावी अर्धवट सोडल्यापासून मी पानभर काही लिहिलं नव्हतं. पण लिहिलं... ते टिक् सुद्धा. ताईने ते जसंच्या तसं बाईंना पाठवलं.

तेव्हापासून बाईंचं उत्तर नाही. उद्या ओपनिंग आहे. त्यांनी काम परत मागितलं तर मोठी भिंत रिकामी, आणि यापुढे ताईच्या हातात कोण काय देईल? ती मात्र मला रोज चहा विचारते. तेच जास्त जड जातंय. मला कामावरून काढण्याऐवजी तिने पेन दिलं, हे मी विसरणार नाही.

थांबा... ताईचा मेसेज आलाय.

"लगेच निघ. विनिपेगच्या बाई आल्यात. स्वतः ड्राइव्ह करत, एवढ्या बर्फातून. रेष बघितली, तू लिहिलेलं पुन्हा वाचलं. विचारतायत, तो आवाज ऐकणारी मुलगी कुठे आहे."