आमच्या अल्बममधलं चौथं गाणं

आम्ही दोघींनी मिळून रॅपचा एक अल्बम केला होता. सात गाण्यांचा. जोडीला नावही ठेवलं होतं, ते आता लिहावंसं वाटत नाही.

ती देगलूरची, मी अहमदपूरजवळच्या एका खेड्यातली. ओळख झाली लातूरच्या होस्टेलवर. डॉक्टर व्हायला म्हणून क्लासला आलेल्या शेकडो पोरींतल्या आम्ही दोघी. बायोलॉजीतली नावं पाठ होईनात म्हणून ती मांडीवर ठेका धरून तालात म्हणायची आणि मी पुढची ओळ ओढायचे. परीक्षा दोनदा दिली. दोघींचाही नंबर लागला नाही. मग नांदेडला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि एक खोली भाड्यानं घेऊन राहू लागलो. पाठांतर सुटलं, ठेका तेवढा सुटला नाही.

सुरुवातीच्या गाण्यांत फार काही नव्हतं. मेसची पातळ आमटी, एसटीत खेटून बसणारे लोक, ‘पोरगी सध्या काय करते’ असं विचारणारे पाहुणे. ती मधेच तेलुगू, दखनी शब्द घालायची. मी आपली गावात बोलते तसंच म्हणायचे. मैत्रिणी हसायच्या, पण पुन्हा म्हणायला लावायच्या.

तिची मोठी बहीण औशाला दिलेली. ती तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. एकदा दाताच्या डॉक्टरकडं म्हणून अक्का नांदेडला आली आणि दिवसभर आमच्या खोलीवर थांबली. बरोबर पाच-सहा वर्षांची लेक होती. मी शेंगदाण्याची चटणी करायला घेतली. मिक्सर सुरू केला तशी अक्का भिंतीला जाऊन टेकली. दोन्ही कानांवर हात.

“बंद कर. बंद कर आधी.”

मी बंद केला. पोर खिडकीपाशी बाहुलीचे केस विंचरत होती, तिनं मान वर करून आईकडं पाहिलं आणि पुन्हा विंचरू लागली.

मग अक्कानं सांगितलं. नवरा हात उचलायच्या आधी मिक्सर लावतो. रिकामाच. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून.

“दात बी तसाच पडला का?” माझ्या मैत्रिणीनं विचारलं.

“बाबांना सांगू नको,” अक्का म्हणाली. “कुनालाच सांगू नको.”

दोघींनी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

ते गाणं आठवड्याभरात तयार झालं. सुरुवात तिनंच केली, रडत रडत. पण त्यातल्या दोन ओळी माझ्या:

वाटायला काय बी न्हाई, तरी मिक्सर फिरून राहिला,
शेजारनीला वाटतंय, कुनी पाहुना जेवून राहिला.

रेकॉर्डिंगला गेलो तेव्हा त्या ओळी काढू या, असं ती म्हणाली. नांदेडातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर स्टुडिओ होता. एरवी तिथं लग्नाची गाणी आणि निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा रेकॉर्ड व्हायच्या. भिंतीला गाद्या ठोकलेल्या, आत गुदमरायला व्हायचं.

“मिक्सरचं नको गं,” ती म्हणाली. “बाकी ठेवू.”

“तेच तर गानं हाय. ते काढलं तर राहतंय काय?”

“अक्काला कळलं तर?”

“नाव घेतलंय का आपन कुठं? मिक्सर काय एकाच घरात हाय?”

मशीनवरचे दादा काचेपलीकडून विचारत होते, “ताई, घ्यायचं का?” मी हो म्हणाले.

अल्बम आम्ही इंटरनेटवर टाकला. सहा गाण्यांकडं कुणी फारसं पाहिलं नाही. चौथं गाणं मात्र पसरलं. कुणीतरी तेवढ्या दोन ओळींचा तुकडा काढला आणि तो फोनाफोनांतून फिरू लागला. अनोळखी बायांचे मेसेज यायचे. एकीनं लिहिलं होतं, आमच्यात टीव्हीचा आवाज वाढवतात. ते वाचून मला अभिमान वाटला. खरं सांगायचं तर आनंदच झाला.

तो तुकडा औशातल्या अक्काच्या गल्लीतही गेला. त्या घरातून अवेळी मिक्सर का वाजतो, हे कोडं शेजारणींना आधीपासून होतंच. ते उलगडलं. त्यात गाणारी अक्काची सख्खी बहीण. एका शेजारणीनं हसत हसत सासूला ऐकवलं.

दोन दिवसांनी देगलूरहून तिच्या वडिलांचा फोन आला. सासरच्यांनी अक्काला एका बॅगेसकट दारात आणून सोडलं होतं. ‘घरची अब्रू चव्हाट्यावर मांडली’ एवढंच बोलले. लेक त्यांनी ठेवून घेतली.

मैत्रीण बॅग भरू लागली. मी म्हणाले, “मी बी येते.”

“नको.”

“चूक माझी हाय.”

“हाव,” ती म्हणाली. त्या वर्षी ती परीक्षेलाही आली नाही.

गाणी मी त्याच दिवशी काढून टाकली. तो तुकडा काढणं माझ्या हातात नव्हतं.

चारेक महिन्यांनी न विचारता देगलूरला गेले. वडिलांनी दार उघडलं, पाणी दिलं आणि बाहेर निघून गेले. मैत्रीण आतल्या खोलीतून आलीच नाही. अक्का शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले, म्हणाले, “अक्का, माझ्यामुळं झालं.”

तिनं आणखी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“गानं खोटं न्हवतं,” ती म्हणाली. “पन मला इचारलं असतं तर मी नको म्हनले असते. म्हनूनच इचारलं न्हाई न तुमी?”

तेच खरं होतं.

“लेकीला सांगितलंय त्यांनी, आई पळून गेली,” ती म्हणाली. “शाळेत पोरं त्या ओळी म्हनून चिडवतात म्हने तिला.”

माझ्या हाताला काम हवं म्हणून मी मूठभर शेंगा उचलल्या. तिनं त्या परत घेतल्या. रागानं नव्हे, सावकाश, एकेक करून.

आता मी लातूरला एका लॅबमध्ये आहे, लोकांचं रक्त काढते. मैत्रीण देगलूरच्या एका खाजगी शाळेत शिकवते असं ऐकलं. माझा नंबर तिनं ब्लॉक केलाय. लेक मिळावी म्हणून अक्कानं केस केलीय. कोर्टात तारखा पडतात, कधी सासरच्यांचा वकील येत नाही, कधी जजसाहेब रजेवर. अक्का प्रत्येक तारखेला औशाला जाते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते.

पोर आता तिसरीत गेली. दुसरीत असताना ती कशी दिसायची, हे अक्काला माहीत नाही.