दोन पेडलची गाडी

माझी ताई इस्पितळाची अँब्युलन्स चालवायची. तिथे सगळे तिला 'सुसाट' म्हणत, पण बेफाम ती कधीच चालवायची नाही. मागे झोपलेल्या माणसाला गिअर बदललेला कळता कामा नये, एवढाच तिचा हट्ट. वॉर्डबॉय सांगायचे, सुसाटबाईंच्या गाडीत सलाईनची बाटलीसुद्धा हलत नाही.

निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक गाडी घ्यायची, हे तिने कधीचं ठरवून ठेवलं होतं. दोन दारांची, बुटकी, रस्त्याला चिकटून पळणारी. आणि गिअर हाताने टाकायचा. याबाबतीत ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही. "आपोआप गिअर पडणारी गाडी म्हणजे कुणीतरी चावून दिलेला घास," म्हणायची.

भावोजी हसायचे. त्यांना कुठलीच गाडी येत नव्हती. ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचे. भिंगाच्या कडेतला केसाएवढा फरक त्यांना दिसायचा, पण रस्ता ओलांडताना ताईचा दंड घट्ट धरायचे. मूलबाळ नव्हतं. दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही आणि एकमेकांशी पटायचंही नाही.

निवृत्तीनंतर काही महिन्यांत ताईचा डावा पाय कुरकुरायला लागला. आधी चप्पल निसटायची. मग जिना चढताना ती कठड्याला धरायला लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टर भावोजींना आणि मला बाहेर थांबवणार होते, पण ताईने थांबू दिलं नाही. "काय आहे ते तिघांनी ऐकू या," म्हणाली. स्नायू हळूहळू निकामी करत जाणारा आजार होता. सुरुवात एका पायापासून झाली होती, आणि तो तिथे थांबणारा नव्हता.

घरी आल्यावर तिने भाजी चिरायला घेतली. चिरता चिरता म्हणाली, "उद्या गाडी बघायला जाऊ."

शोरूममध्ये गडद निळी गाडी उभी होती. ताईने बोनेटवरून हात फिरवला, जसा आपण झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतो. आधी तिने हाताने गिअर टाकायचीच चालवायला मागितली. सेल्समन शेजारी बसला, मी आणि भावोजी मागे गुडघे पोटाशी घेऊन बसलो. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. तिचा चेहरा मला आरशात दिसत होता. इतकी खूश मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

मग सिग्नल लागला. हिरवा झाला तेव्हा तिचा डावा पाय क्लचवर पुरता दबलाच नाही. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. तिने पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. ताईने खाली वाकून दोन्ही हातांनी आपली मांडी धरली आणि पाय क्लचवर दाबला. तशीच गाडी तिने कडेला घेतली.

सेल्समन चांगला माणूस होता. काही विचारलं नाही. "याच गाडीत दुसरं मॉडेल आहे," एवढंच म्हणाला. "ड्युअल क्लच. आत दोन क्लच असतात. एक चालू गिअर सांभाळतो, तोवर दुसऱ्याने पुढचा तयार ठेवलेला असतो. पायाला क्लचच नाही, नुसते ब्रेक आणि ॲक्सिलरेटर."

तीही तिने चालवली. गिअर कधी बदलला ते कळत नव्हतं. परत आल्यावर ती स्टिअरिंग धरून बसून राहिली.

"कशी वाटली?" भावोजींनी विचारलं.

"माझ्यापेक्षा छान टाकते गिअर."

"मग घेऊ या की ही."

"मला नकोय हो. मला ती पहिलीच हवी आहे." ती थांबली. "पण हीच घेऊ. ही तुम्हाला शिकता येईल."

भावोजी शोरूमच्या प्रसाधनगृहात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

ताईने ती गाडी एक हिवाळाभर चालवली. उजवा पायही ऐकेनासा झाला तेव्हा ती स्वतःहून डाव्या सीटवर जाऊन बसली आणि किल्ली भावोजींच्या हातात दिली.

साठीच्या घरातला माणूस शिकाऊची पाटी लावून फिरायला लागला. सुरुवातीला ते एका पायाने ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्याने ब्रेक दाबायचे. आमच्या माना डोलत राहायच्या. ताई म्हणायची, "डाव्या पायाला काही काम देऊ नका. माझा बघा, कसा आरामात आहे." भावोजींना हसू यायचं नाही. आम्हा दोघींना यायचं.

लायसन्स मिळालं त्या आठवड्यात ताईला शोध लागला. गिअरचा लिव्हर बाजूच्या खाचेत सरकवला की गिअर हाताने बदलता येत होते. पुढे ढकलला की वरचा, मागे ओढला की खालचा. आणि तो लिव्हर दोन सीटांच्या मधोमध होता.

"तुम्ही नुसतं चालवा," ती म्हणाली. "गिअर माझे."

मग दोघं मिळून एक गाडी चालवायला लागली. घाटाच्या वळणावर ती म्हणायची, "सोडा थोडा पाय," आणि हलकेच लिव्हर ओढायची. ते काहीही न विचारता पाय सोडायचे. संसारात कधी इतकं ऐकलं नव्हतं त्यांनी तिचं. इतका सुंदर ताल मी पाहिलेला नाही. पावसाळा संपेपर्यंत दर रविवारी आम्ही जात होतो.

एका रविवारी चढावर इंजिन ओरडायला लागलं. ताईचा हात लिव्हरवर होता. हलत नव्हता. भावोजींनी तिच्याकडे पाहिलं नाही, समोरच पाहत राहिले. त्यांना हात घालता आला असता, घातला नाही. वाट पाहत राहिले. इंजिन आणखी ओरडलं, आणि मग गाडीनेच वरचा गिअर घेतला.

"मी नाही टाकला तो," ताई म्हणाली.

"माहीत आहे."

बरंच पुढे गेल्यावर ती म्हणाली, "गाडीवरच सोडा आता." भावोजींनी आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि लिव्हर खाचेतून बाहेर काढला. घरी येईपर्यंत तो हात तिथेच होता.

पुढच्या उन्हाळ्यात ताई गेली. शेवटी तिला न्यायला इस्पितळातून अँब्युलन्स आली होती, चालवणारा नवीन होता. प्रत्येक गिअरला गाडी हिसका देत होती. मी त्याला सांगणार होते, पण भावोजींनी मान हलवून मला गप्प बसवलं.

गाडी विकून टाका, असं आमच्या नातेवाइकांनी त्यांना खूपदा सांगून पाहिलं. एवढी पळणारी गाडी या माणसाला कशाला, असं त्यांना वाटतं. भावोजी गाडीने दुकानात जातात, बँकेत जातात, माझ्याकडे येतात. सावकाश चालवतात. मागचे वैतागतात, ओव्हरटेक करताना काच खाली करून काहीबाही बोलतात. भावोजी त्यांना हाताने पुढे जा म्हणतात.

परवा मी त्यांच्यासोबत घरी आले. माझ्या इमारतीखाली त्यांनी गाडी लावली, इंजिन बंद केलं, तरी ते उतरेनात. मी म्हटलं, "चला ना वर, चहा करते."

"तू हो पुढे," म्हणाले. "मी येतो."

मी वर जाऊन खिडकीतून पाहिलं. ते चष्मा काढून पुसत बसले होते.